द्राक्षं, कांदे आणि पंचाक्षरी सर

एप्रिलच्या उन्हात गळ्यात मफलर घालून कॉलेजात येणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परदेशी जाऊन आलेला असतो. आमचे विभागप्रमुख डॉ. ढुंढिराज पंचाक्षरी ठणठणीत होते. इटलीतल्या बोलोन्या शहरात कधी काळी एका हिवाळ्यात ते पाहुणे अभ्यासक म्हणून राहून आले, आणि तेव्हापासून तो तपकिरी मफलर त्यांच्या गळ्यातून उतरला नाही. घसा नाजूक आहे म्हणायचे. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीत, पोहत लहानाचा मोठा झालेला नाशिकचा माणूस, बाकी सगळा इथलाच, घसा तेवढा इटालियन.

मी त्यांच्याच विभागात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे असा समज कुणाचा असेल तर तो आधीच दूर झालेला बरा. मला त्या माणसाचा मनस्वी तिटकारा आहे. तो का आहे, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

त्यांचा विषय तुलनात्मक राजकीय अर्थशास्त्र. एका मुलखातले लोक एकत्र येऊन सोसायट्या, कारखाने, बँका धड चालवतात आणि दुसऱ्या मुलखातले लोक एकमेकांचे पाय ओढतात, हे असं का होतं, हे शोधणारा विषय. विषय सुंदर आहे. पंचाक्षरी सरांच्या हाती पडला यात त्याचा काही दोष नाही. सरांनी त्यातली तुलना तेवढी उचलली. कॅन्टीनचा चहा आला की, "तुलनेने पाहता, बोलोन्यात दूध कमी घालतात." शिपाई उशिरा आला की, "तुलनेने पाहता, जर्मन माणूस..." प्राचार्यांच्या आईच्या दहाव्यालासुद्धा, घाटावर उभे राहून, त्यांनी इटलीतल्या स्मशानांच्या स्वच्छतेबद्दल चार शब्द सांगितले होते. पोरं त्यांना 'तुलनेने' म्हणायची. "पळा, तुलनेने आले," असं जिन्यात ऐकू आलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

त्यांचे वडील रामकुंडावर उपाध्ये होते. यजमानांची वाट बघत घाटावर बसायचे, साधा सरळ माणूस होता म्हणतात. सरांनी ही गोष्ट नोकरीच्या सुरुवातीला लपवून ठेवली. पुढे परदेशी पाहुणे यायला लागल्यावर त्यांना कळलं की गोऱ्या लोकांना घाट, पिंडदान असलं फार आवडतं. मग तेच वडील भाषणांतून झळकायला लागले. "माझे वडील श्रद्धेच्या अर्थव्यवस्थेत कार्यरत होते," असं ते इंग्रजीत सांगायचे आणि समोरचे माना डोलवायचे. वडील हयात असताना हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं नाही, एवढं एक बरं झालं.

आता त्यांची सगळी कारकीर्द ज्यावर उभी आहे तो सिद्धांत सांगते. द्राक्ष-कांदा सिद्धांत. फार पूर्वी, मी या कॉलेजात यायच्या आधी, सर एका डच प्राध्यापकाला घेऊन दिंडोरीला द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना भेटायला गेले आणि पुढच्या आठवड्यात एकटेच चांदवडला कांदेवाल्यांना भेटायला गेले. दिंडोरीत शेतकऱ्यांनी सांगितलं की आम्ही सगळे निर्णय एकमताने घेतो, फवारणीची माहिती एकमेकांना देतो, आमचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे. चांदवडला कुणी धड बोललंच नाही. झालं. सरांनी निष्कर्ष काढला: द्राक्ष नाशवंत, निर्यातीचं पीक, म्हणून ते माणसांना एकत्र आणतं. कांदा साठवता येतो, म्हणून तो माणसांना लबाड आणि संशयी करतो. दिंडोरी म्हणजे आपलं उत्तर इटली, एकोप्याचं, आणि चांदवड म्हणजे दक्षिण इटली, पाय ओढणारं.

यावर त्या डच माणसासोबत एक लेख निघाला. लेखावरून बोलोन्याचं आमंत्रण आलं. आमंत्रणावरून पुस्तक झालं, पुस्तकावरून प्राध्यापकपद, प्राध्यापकपदावरून निरनिराळ्या समित्या. दोन दिवसांच्या हिंडण्यावर माणसाने जन्म काढला. त्यानंतर दिंडोरीला ते गेले, नाही असं नाही, पण वायनरीत, पाहुण्यांना घेऊन, फोटो काढायला. चांदवडला पुन्हा गेले नाहीत. मुंबईच्या उलट दिशेला असलेल्या गावांत सरांना फारसं काम पडत नसे.

त्या लेखात एक वाक्य होतं. चांदवडच्या एका शेतकऱ्याचं, जसंच्या तसं, मराठीत आणि खाली भाषांतर. "साहेब, कांदा नाय, पैसा नाय. शेजाऱ्यालाबी काय सांगत नाय. भरवसा कोनावरच नाय." हे वाक्य सरांचं फार लाडकं. वर्गात ते आवाज काढून म्हणून दाखवायचे. पोरं हसायची, त्यात चांदवड-येवल्याकडची पोरंही असायची, ती खाली बघायची.

अशा वर्गात रिदा मुलाणी बसलेली असायची.

रिदा चांदवड तालुक्यातली. एम.ए.ला पहिली आली आणि पीएच.डी.ला सरांकडेच नाव घातलं, कारण जिल्ह्यात या विषयाचा दुसरा मार्गदर्शक नव्हता. सोबत आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. जितके तास तितकं मानधन, सुट्टीत शून्य, आणि दर जूनला पुन्हा नव्याने अर्ज. मुलगी कामाला वाघ. बोलायची मात्र मऊ, स्वच्छ, पुस्तकी मराठी. गावाकडचा एक शब्द तोंडून निसटू द्यायची नाही. सरांच्या त्या नकलेनंतर कोण निसटू देईल?

एकदा दुपारी कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा उतरलेला. तिने तो जुना लेख पुढे केला आणि त्या लाडक्या वाक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे माझे अब्बा आहेत."

"म्हणजे?"

"हे वाक्य अब्बांचं आहे. मी तिसरीत होते. त्या वर्षी कांदा महागला होता आणि सरकारी माणसं साठे तपासत फिरत होती. ज्याच्याकडे जास्त सापडेल त्याला धरत होते. तेवढ्यात एक पांढरी जीप आली. वर दिवा. सर कुणा ओळखीच्या अधिकाऱ्याची जीप घेऊन आले होते, हे मला आत्ता इथे कळलं. आम्हाला काय माहीत? जीप दिसल्याबरोबर अब्बांनी कांदा साठवायच्या चाळीवर ताडपत्री ओढली. मी एक टोक धरलं होतं. मग पुढे जाऊन अब्बा म्हणाले, कांदा नाही, पैसा नाही, कुणावर भरवसा नाही." तिने लेख मिटला. "मागे चाळ भरलेली होती, मॅडम. अर्धा माल आमचा आणि अर्धा चुलत्यांचा न् शेजाऱ्यांचा. त्यांच्या चाळीचं छप्पर उडालं होतं म्हणून आमच्याकडे ठेवलेला."

मी हसायला लागले. हसता हसता संतापले. माझे वडील सातपूरला कारखान्यात होते. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार त्याच दिवशी त्यांच्या डोक्याला हेल्मेट मिळायचं, आणि सगळं कसं आहे विचारलं की सगळे एका सुरात उत्तम आहे म्हणायचे. हे आमच्या वसाहतीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. अभ्यास करून प्राध्यापक झालेल्या माणसाला ते ठाऊक नसावं?

रिदा तिथे थांबली नाही. तिने दोन्हीकडची पाहणी पुन्हा केली, आणि सरांसारखी जीपमधून नाही. एस.टी.ने जायची, आईला, रोशनबींना, सोबत न्यायची. चांदवडकडे उन्हाळ कांदा निवडायला बायका बसल्या की या दोघीही त्यांच्यात बसायच्या आणि हात चालू ठेवून बोलायच्या. दिंडोरीकडे छाटणीच्या दिवसांत बागांमधून हिंडायच्या. तिथे नवनाथ म्हणून एक बागाईतदार भेटले. त्यांनी तो डच पाहुणा आला होता त्या दिवसाची गंमत पोट धरून सांगितली. गोरा साहेब म्हणजे युरोपातून माल तपासायला आलेला माणूस, असंच सगळ्यांना वाटलं होतं. औषधांचे रिकामे डबे विहिरीमागे लपवले, मजुरांना नवे हातमोजे दिले, आणि काय विचारतील त्याला 'हो, एकमताने' म्हणायचं ठरलं. "आमी एकमतानं ठरवलं ते तेवढंच," नवनाथ म्हणाले.

एरवी तिथे शेजारच्या बागेत कुठलं औषध पडलं ते लोक वासावरून ओळखतात. विचारत नाहीत, आणि विचारलं तरी कुणी सांगत नाही. उलट चांदवडकडच्या काही वस्त्यांवर रिदाला एक जुनी रीत सापडली. भाव चढला की ज्याच्या घरी लग्न त्याचा कांदा आधी बाजारात जायचा, बाकीचे थांबायचे. कुठे लिहिलेलं नाही, कुणी नोंदवलेलं नाही, पण मोडलेलंही नाही. आता कुठलं इटली उत्तरेचं आणि कुठलं दक्षिणेचं?

पण रिदा नुसता पट उलटा मांडणारी नव्हती. चांदवड चांगलं न् दिंडोरी वाईट, असं तिने कुठेही लिहिलं नाही. तिने एवढंच लिहिलं की विचारणारा कोण आहे यावर उत्तर ठरतं, आणि द्राक्ष-कांदा सिद्धांत हा शेतकऱ्यांविषयीचा नसून जीपविषयीचा आहे. प्रबंधाचं हे चौथं प्रकरण. मी ते वाचलं. एवढी वर्षं या विभागात आहे, पण कुणाचं लिहिणं वाचून अभिमान वाटावा असं पहिल्यांदाच झालं.

आणि या प्रबंधावर सही कुणाची हवी होती? मार्गदर्शकाची. म्हणजे तुलनेनेंची.

सर मेअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांची सही झाली नाही तर रिदाला नवा मार्गदर्शक शोधायचा, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यातच आमच्या विभागात कायम जागेची जाहिरात निघाली होती. अशी जाहिरात किती वर्षांनी निघते हे तासिका तत्त्वावर जगणाऱ्या कुणालाही विचारा. मुलाखती जूनमध्ये होत्या आणि पीएच.डी.चा प्रबंध सादर झालेला नसेल तर तिथे रिदाला कुणी उभंही करणार नव्हतं. सही मिळाली तर नोकरी, नाही तर सहा वर्षं पाण्यात. गोष्ट इतकी सरळ होती.

तिने चौथं प्रकरण सरांना दिलं तेव्हा मीही तिथे होते. त्यांनी ते चाळलं. वाचलं म्हणवत नाही. मग मफलरचं टोक झटकून म्हणाले, "मुलाणी, मेहनत आहे. पण तुलना कुठे आहे यात?"

"सर, तुमच्या लेखात ज्यांचं वाक्य आहे, ते चांदवडचे शेतकरी माझे वडील आहेत. लियाकत मुलाणी. ते त्या दिवशी खोटं बोलले होते. जीप बघून."

माणसाची उभी हयात एका वाक्यावर उभी असावी आणि ते वाक्य खोटं आहे असं कुणी समोर बसून सांगावं. दुसरा कुणी असता तर पांढराफटक पडला असता, ओरडला असता, निदान पाणी तरी मागितलं असतं. सरांचा चेहरा उजळला.

"काय सांगता! तुमचे वडील? हयात आहेत?"

"आहेत ना सर. पण ते खोटं..."

"अहो, मग त्यांना आणा! माझ्या निरोप समारंभाला आणा. दिंडोरीचा एक शेतकरी येतोच आहे, नवनाथ म्हणून. दोघं एका व्यासपीठावर. सिद्धांताचा जिवंत पुरावा!"

"सर, मी म्हणतेय की तो सिद्धांत..."

"मुलीला घरात वडील काय सांगतात, ते शास्त्रात धरत नाहीत, मुलाणी. तुलनेने पाहता मूळ मुलाखत अधिक विश्वसनीय. सहीचं आपण समारंभानंतर बघू."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की त्यात धमकी होती की नुसता बावळटपणा, हे मला आजही सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर रिदा म्हणाली, "मॅडम, अब्बा येतील. आणि ते खरं सांगतील. सगळ्यांसमोर. मग सरांना वाचावंच लागेल." तिच्या डोळ्यांत आशा होती. मला त्या आशेचीच भीती वाटली.

समारंभ झाला एप्रिलच्या अखेरीस, कॉलेजच्या सभागृहात. असल्या समारंभांना जे जे लागतं ते सगळं होतं. तसबिरीला हार, बंद पडलेला एसी, माईकची शिट्टी, आणि निवेदिकेच्या तोंडी सूर्य, दीपस्तंभ, वटवृक्ष असं चढत्या क्रमाने. मानपत्रात सरांना 'गोदातीरीचा विश्वपुरुष' म्हटलं होतं. मानपत्राचा मसुदा सरांनी स्वतः तपासला होता, हे समितीवर असल्यामुळे मला माहीत होतं. मफलरवर शाल, शालीवर हार, आणि त्या सगळ्यातून वर आलेलं घामाने डबडबलेलं तोंड. मला क्षणभर त्यांची कीव येणार होती. आली नाही.

नवनाथ आले होते, द्राक्षांची पेटी घेऊन. त्यांना शाल घातली आणि माईक दिला. गड्याने रिदाला आधी विहिरीमागच्या डब्यांची गोष्ट मिटक्या मारत सांगितलेली. पण तिथे पहिल्या रांगेत प्राचार्य, आमदार, मुंबईचे पाहुणे बघून त्याने खाकरून सुरुवात केली, "आमच्याकडं सगळं एकमतानं चालतं." टाळ्या.

मग लियाकतभाई. पांढरा शर्ट-पायजमा, कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. पायऱ्या चढताना त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जणू शाळूसोबती.

"लियाकतभाई, एवढ्या वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. आज पुन्हा विचारतो. तुम्ही कुणावर विश्वास ठेवता?"

तिसऱ्या रांगेत रिदा ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. लियाकतभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदा सरांकडे, त्यांच्या शालीकडे, पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग माईक तोंडाजवळ घेतला.

"साहेब, भरवसा कोनावरच नाय," ते म्हणाले. "तवाबी नव्हता, आजबी नाय. शेजाऱ्यालाबी काय सांगत नाय आमी."

सभागृह कोसळलं. हशा, टाळ्या, पुन्हा टाळ्या. सरांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले. खरोखरचे अश्रू होते. मी रिदाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती. ज्या माणसाच्या भरवशावर ती एवढं मोठं पाऊल टाकून बसली होती, तो तिच्या डोळ्यांदेखत समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

बाहेर पार्किंगजवळ लोक मसालेभाताच्या थाळ्या घेऊन उभे होते. रिदाने वडिलांना गाठलं. मी मागेच होते.

"अब्बा, हे काय बोललात? खरं सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"सही त्यांच्या हातात हाय का नाय?" लियाकतभाई हळूच म्हणाले. "मग त्यांना काय पायजे होतं, ते देऊन टाकलं. तवा कांदा झाकायचा होता बेटा. आज तुझी डिग्री." आणि थाळीतली जिलेबी त्यांनी तिच्या हातात ठेवली.

मला वाटलं होतं, निदान या खोट्याची तरी किंमत वसूल होईल. सरांचा अहंकार पोटभर जेवला, आता सही होईल. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत असून चुकले. दोन दिवसांनी त्यांनी रिदाला बोलावलं आणि अत्यंत प्रेमाने सांगितलं, "मुलाणी, तुमचं चौथं प्रकरण तुमच्या वडिलांनीच खोडून काढलं. भर सभेत. चित्रफीत आहे. ते प्रकरण काढून टाका, मी लगेच सही करतो."

मी तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तो माणूस तिथे का तसं बोलला, हे तुम्हाला कळत नाही? त्याची मुलगी तुमच्या सहीसाठी अडली आहे. तुम्ही या वेळी जीपपेक्षा मोठं काहीतरी घेऊन त्याच्यासमोर उभे होता."

"संध्या मॅडम, भावनिक होऊ नका," सर म्हणाले. "तुलनेने पाहता, एकच माणूस दोन वेळा, एवढ्या वर्षांच्या अंतराने, तेच उत्तर देतो. याहून भक्कम पुरावा जगात कुठल्या अभ्यासकाला मिळाला असेल?"

आणि ते हे मनापासून म्हणत होते. तिथेच माझा तिटकारा पक्का झाला. लबाड माणसाला निदान आपली लबाडी ठाऊक असते, त्याच्याशी भांडता तरी येतं. या गृहस्थाच्या तोंडावर जग उभं राहून ओरडत होतं आणि हा त्यातून आपल्याच नावाचा जयजयकार ऐकत होता. मी दार आपटून बाहेर आले. त्याचीही त्यांनी बहुधा इटालियन दारांशी तुलना केली असेल.

मे महिना रिदाने कसा काढला ते मी पाहिलं. लियाकतभाई रोज फोनवर सांगायचे, काढून टाक, पोट भरलं की मग खरं लिही. रोशनबी म्हणायच्या, एवढं उन्हातान्हात हिंडलो ते फेकायला का? मी म्हणाले, काढू नकोस. म्हणाले खरं, पण माझी नोकरी कायम होती आणि तिची नव्हती, हे दोघींनाही दिसत होतं. एका संध्याकाळी रिदा एवढंच म्हणाली, "मॅडम, ते प्रकरण काढलं तर राहतं काय? सरांचंच पुस्तक, माझ्या नावाने."

महिना संपत आला तेव्हा ती बांधलेला प्रबंध घेऊन आली. काळ्या पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मला म्हणाली, सोबत चला. काय केलंस, असं मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

सरांची केबिन आवरणं चाललं होतं. पुस्तकं खोक्यांत, भिंतीवरून उतरवलेले फोटो टेबलावर. त्यांच्या हातात बोलोन्याचा फोटो होता आणि तो घरी कुठे लावावा याची चिंता चेहऱ्यावर होती. त्यांच्या पत्नीने, अनसूया वहिनींनी, तो दिवाणखान्यात लावू द्यायला नकार दिल्याचं ते मला सांगत होते. रिदाने प्रबंध समोर ठेवला आणि सहीचं पान उघडून दिलं.

सरांनी खिशाचं पेन काढलं. मग थांबले. "चौथं प्रकरण?"

रिदाने ओढणी डोक्यावरून घेतली. दोन्ही हात पुढे जोडून, मान किंचित खाली घालून उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि मग ती बोलली, तोही तिचा आवाज नव्हता.

"काढलं साहेब. आता काय नाय ऱ्हायलं त्यात."

त्या एवढ्याशा शब्दांत काय होतं, हे कुणालाही ऐकू आलं असतं. ज्याने याच बोलीतलं वाक्य आयुष्यभर आवाज काढून म्हणून दाखवलं त्याला तर नक्कीच यायला हवं होतं. सर कौतुकाने हसले. "शाब्बास. नम्रता आली की संशोधक मोठा होतो," असं म्हणून त्यांनी सही केली, तारीख घातली आणि प्रबंध मिटून तिच्याकडे सरकवला. एकही पान उलटलं नाही.

जिन्यात आल्यावर मी तिच्या हातून प्रबंध घेतला आणि उघडला. चौथं प्रकरण जागच्या जागी होतं. उलट शेवटी एक भाग वाढलेला होता, सभागृहातल्या समारंभाचा. प्रश्न कुणी विचारला, कुठे उभं राहून, ऐकणारे कोण होते, आणि उत्तर देणाऱ्याचं काय अडकलं होतं.

"रिदा, तोंडी परीक्षेत त्यांना कळेल."

"कळू दे मॅडम. मग त्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागेल की सही करताना उघडून पाहिलं नव्हतं. ते नाही सांगणार." आता तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. "तेव्हाही जीपमधून उतरून दोन पावलं आले असते, ताडपत्रीचं एक टोक उचललं असतं, तर सगळं दिसलं असतं. मीच धरलं होतं ते टोक. मी सोडूनसुद्धा दिलं असतं."

तिने मोबाईल काढला आणि चांदवडला फोन लावला. पलीकडून लियाकतभाईंचा आवाज मला ऐकू येत होता, ते बाजारात असावेत, मागे लिलावाचा गलका होता.

"झाली सही, अब्बा."

"काय बोलली तू त्यांना?"

रिदाने डोळे पुसले.

"तुम्ही बोलला होतात, तेच."